भट्टीवरची बाई

हंबीरराव धुराला भीत. उत्तरेश्वर पेठेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. बिथरलेल्या घोड्याच्या तोंडात हात घालून लगाम अडकवणारा हा माणूस, शेजारच्या परसात कुणी पालापाचोळा पेटवला की घरात जाऊन दार लावून बसायचा. पोरं हसायची. मोठी माणसं हसत नसत, कारण हंबीरराव लढाईवर जाऊन आले होते आणि लढाईवरून आलेल्या माणसाला एखादी खोड असायचीच.

त्यांच्या घरात चूल कधी पेटली नाही. लग्न होऊन धोंडुबाई आल्या, तेव्हा त्यांनी चूल मांडायला माती कालवली. ती माती हंबीररावांनी पाटीत भरून बाहेर नेऊन टाकली. मग बरीच वर्षं रॉकेलचा स्टोव्ह. पुढं गल्लीत पहिला गॅस आला तोही यांच्याकडेच. वकिलाच्या घरी शेगडी आणि टांगेवाल्याच्या घरी गॅस, म्हणून लोक मिजास समजले. धोंडुबाईंच्या मनात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, माहेरी होता तसा. पन्नास वर्षं त्यांनी बंबाचं नाव काढलं आणि पन्नास वर्षं हंबीरराव उठून बाहेर गेले.

त्यांचं गाव नेसरी. सेहेचाळीस साली पलटणीतून परत आले, तर पहाटे सगळ्या घरांच्या कौलांतून धूर निघायचा. सहा महिन्यांत त्यांनी गाव सोडलं आणि कोल्हापूरच्या स्टेशनावर टांगा धरला. तो त्यांनी अडतीस वर्षं हाकला. पलटणीत ते खेचरांच्या कंपनीत होते, त्यामुळं जनावर आणि ओझं या दोन गोष्टी त्यांना मुळापासून कळत. स्टेशनावरचा हमाल पाठ वाकवून ट्रंक उचलायला लागला की ते टांग्यावरून खाली उतरत. "पाठीनं न्हाय, मांडीनं उचल. पाठ काय तुझ्या बाची हाय?" माणूस कामाला हात घालतो कसा, यावरून तो ते काम रोज करतो की आज पहिल्यांदा करतोय, हे त्यांना लांबून कळायचं. त्यात ते कधी चुकले नाहीत.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात नात स्नेहल एक पत्रक घेऊन घरी आली. ती विद्यापीठात एम.ए. करत होती. तिचे धैर्यशील सर साहित्य शिकवत आणि एक छोटं चित्रपट मंडळ चालवत. महिन्यातून एका रविवारी सकाळी दहाला शाळेच्या सभागृहात परदेशी सिनेमा.

"आबा, ह्यावेळी इटलीचा हाय. लढाईवरचा. सर म्हणाले, तुमच्या आबांना आणच. सत्कार करायचाय तुमचा."

"कशापायी?"

"तुम्ही तिथं लढलाय की!"

"मी खेचरं हाकली."

"एकच हो ते." तिनं पत्रक त्यांच्या हातात दिलं.

हंबीररावांनी चष्मा लावला. पत्रकावर एक काळपट फोटो छापला होता. डोंगराच्या उतारावर दहा-बारा दगडी घरं, एक चौकोनी घंटाघर, त्याचा माथा एका बाजूनं तिरपा तुटलेला. घंटाघराच्या पायाशी पाण्याची दगडी डोणी, दोन खणांची. मधल्या दगडात लोखंडी कडं.

त्या कड्याला त्यांनी स्वतः खेचर बांधलं होतं.

त्यांनी पत्रक मांडीवर ठेवलं. "गावाचं नाव काय दिलंय?"

"रोक्काफोस्का. तुम्हाला माहीत हाय?"

"न्हाय," हंबीरराव म्हणाले. नाव खरंच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी धैर्यशील सर स्वतः आले. लहानपणी ते हंबीररावांच्याच टांग्यातून शाळेत जात, म्हणून आजही चप्पल उंबऱ्याबाहेर काढून खाली बसले. चहा घेता घेता सांगायला लागले. इटलीत वीस वर्षं हुकूमशाही होती. त्या काळात सिनेमात नुसते चकचकीत दिवाणखाने आणि शेठसावकारांची लफडी. न पटणाऱ्या लेखकांना सरकार दूरच्या डोंगरी खेड्यांत नजरकैदेत पाठवायचं. तिथं त्यांना आपल्याच देशातला शेतकरी पहिल्यांदा दिसला, आणि सुटल्यावर त्यांनी तोच लिहिला. चित्रकारांनी राजवाडे सोडून कापणीच्या बाया आणि दगडफोडे रंगवले. लढाई संपली तेव्हा स्टुडिओत निर्वासित राहत होते, म्हणून सिनेमावाले कॅमेरा घेऊन रस्त्यावर आले.

"आणि हा सिनेमा तर त्याच गावात काढलाय, सत्तेचाळीस साली. गावातलीच माणसं घेतली. लोहार आहे तो खरा लोहार, धोबीण खरी धोबीण. जो जे काम करतो, ते त्यानं कॅमेऱ्यापुढं करायचं."

"समदी गावातलीच?" हंबीररावांनी विचारलं.

"जवळजवळ सगळी."

"भाकरी भाजणारी?"

सर हसले. "ती पण असणार की. पावाशिवाय इटली कुठली?"

सर गेले. हंबीरराव तिथंच बसून राहिले. चौपन्न वर्षं ज्या गोष्टीकडे पाठ करून ते चालत आले होते, ती आता सभागृहात पडद्यावर येऊन उभी राहणार होती.

गोष्ट अशी होती.

चव्वेचाळीस सालचा पावसाळी हिवाळा. वर टेकडीवरच्या ठाण्याला दारूगोळा आणि शिधा पोचवायचा म्हणून त्यांची खेचरं संध्याकाळी त्या गावातून चालली होती. डोणीवर जनावरांना पाणी दाखवायला थांबले. बाजूला दगडी घुमटीसारखी पावाची भट्टी होती. तिथं एक बाई काम करत होती. चाळिशीची असेल. हंबीरराव तिचं तोंड फारसं बघू शकले नाहीत, तिनं रुमाल कपाळावर ओढून बांधला होता. त्यांनी बघितलं ते तिचं काम. ती डावखुरी होती. आधी निखारे मागं सारून ओल्या चिंधीनं भट्टीचा तळ पुसला. मग चिमूटभर पीठ आत टाकलं आणि ते किती वेळात तांबूस होतं ते बघितलं. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर गोळा घेऊन आत सरकवला. खांद्याचा जोर नाही, मनगटाचा एक झटका, की गोळा जागच्या जागी. झाकण गुडघ्यानं लावलं, कारण हात पिठाचे. नेसरीला हंबीररावांची आई तव्यावर भाकरी टाकायची ती अशीच, एक हालचाल वाया न घालवता.

तिनं त्यांना पावाचा तुकडा दिला. गरम होता. महिनाभर त्यांनी डब्यातलं आणि भिजलेलं खाल्लं होतं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, खेचरावरचं पोतं सोडलं आणि दोन पायल्या आटा तिच्या परातीत ओतला. शिध्याला हात लावणं हा गुन्हा होता. बोटानं खुणा केल्या: भाजून दे. तिनं पूर्वेला हात केला आणि दहा बोटं दाखवली. उद्या सकाळी, दहा पाव.

खेचरं वर चढत होती तेवढ्यात मागून हुकूम आला. जर्मन गावात परत शिरतील, गाव रिकामं करा. वळणावरून हंबीररावांना माणसं गाठोडी घेऊन खाली उतरताना दिसली. त्यांना वाटलं, बाई गेली, आटा गेला.

सकाळी टेकडीवर ते ओझी उतरवत होते. त्यांची नजर कंपनीत सगळ्यात तेज. नाईक सयाजी म्हणाला, "हंबीर, खाली काय दिसतंय बघ रं."

हंबीररावांनी बघितलं. "धूर हाय, नाईक. एका जागंवरनं."

हे त्यांनी ऐटीत सांगितलं. आधी त्यांनाच दिसला होता. सयाजीनं साहेबाला सांगितलं, साहेबानं दुर्बीण लावली, फोन उचलला. रिकाम्या गावात धूर म्हणजे जर्मन. हंबीरराव खेचराच्या पोटाखालचा तंग आवळायला वळले आणि सहज मोजलं. घंटाघर डावीकडं, खाली डोणी, डोणीच्या उजव्या अंगाला धूर.

भट्टी.

साहेब अजून फोनवर आकडे सांगत होता. दोन तंग आवळायला लागतो तेवढा वेळ होता. सांगायचं तर आट्याचं निघणार. आट्याचं निघालं तर कोर्ट, तुरुंग, घरी कागद जाणार. हंबीररावांनी एक तंग आवळला. दुसरा आवळला. तोफा सुटल्या.

दुपारी खेचरं त्याच वाटेनं खाली आली. अर्धा फर्लांग आधीच भाजल्या पावाचा वास येत होता. वाटेत लांब दांड्याचं लाकडी फावडं पडलं होतं. हंबीररावांनी खेचर त्याला वळसा घालून नेलं आणि मान वर केली नाही. तिकडं बघितलं नाही. त्यामुळं ती बाई मेली की निसटली, हे त्यांना कधी कळलं नाही. चौपन्न वर्षं ते या न बघण्यावरच जगले होते.

आणि आता सर म्हणत होते की गावातलीच माणसं, आपापलं काम करणारी. सत्तेचाळीस साली ती बाई जिवंत असेल, तर भट्टीवर तीच असणार. दुसरी कोण?

रविवार यायला नऊ दिवस होते. हंबीररावांचं जेवण तुटलं. गुऱ्हाळांचा हंगाम होता, गावाबाहेर चिमण्या धूर ओकत होत्या, त्यांनी पश्चिमेची खिडकी खिळा ठोकून बंद केली. आधी गुडघा दुखतोय म्हणाले. मग डोळ्याला दिसत नाही म्हणाले.

"अवो, काल तर माळ्यावरची पाल हितनं दिसली तुमास्नी," धोंडुबाई म्हणाल्या. "शाल मिळतीया, नारळ मिळतोय. चार माणसं हाताला धरून खुर्चीवर बसवणार. आन् ह्ये नवरीगत लाजाय लागल्यात."

"लाजतोय कोण?"

"मग भ्याताय?"

धोंडुबाईंनी परातीतला हात थांबवून त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा पीठ मळायला लागल्या.

न जाणं सोपं होतं. पण न गेलं तर ती बाई पडद्यावर येऊन जाईल आणि आपण घरी बसलेलो असू, हे त्यांना सहन होईना. शुक्रवारी त्यांनी मनात जोतिबाला बोलून ठेवलं: ती भट्टीवर दिसू दे, या गुडघ्यांनी डोंगर चढून गुलाल वाहीन.

रविवारी स्नेहलनं त्यांना रिक्षातून नेलं. सभागृहाच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. शंभरेक माणसं, मागं प्रोजेक्टर, पुढं पांढरा पडदा. हंबीररावांना पहिल्या रांगेत बसवलं. शेजारच्या टेबलावर शाल, नारळ आणि हार मांडला होता.

दिवे गेले.

आधी ढग आले, मग डोंगर. मग ते वळण. हंबीररावांनी खुर्चीचा हात धरला. भाषा कुणालाच कळत नव्हती, खाली इंग्रजीत अक्षरं येत होती, ती स्नेहल हळूच सांगायला लागली. "नको सांगू," ते म्हणाले. त्यांना अक्षरांची गरज नव्हती. त्यांनी हात बघायला सुरुवात केली.

एक म्हातारा जनावराचं खोगीर शिवत होता. सुई काढताना अंगठा आडवा धरत होता. खरा. डोणीवर दोन बाया कपडे आपटत होत्या, पिळताना कोपर पोटाशी. खऱ्या. एकजण लाकडाची मोळी घेऊन चढावर चालला होता, पाऊल आडवं टाकत. खरा. एकाही माणसानं काम खोटं केलं नाही. हे सगळे खरे, म्हणजे तीही खरी असणार.

मग भट्टी आली.

घुमटीचा दगड नवा दिसत होता, अर्धा भाग पांढरा. पुढं एक बाई पाठमोरी उभी. कपाळावर रुमाल. हंबीरराव खुर्चीत पुढं सरकले. वळ, ते मनात म्हणाले. फावडं उचल.

बाईनं फावडं उजव्या हातानं उचललं.

असेल, आज उजव्या हातानं करत असेल. तिनं तळ पुसला नाही. पीठ टाकून बघितलं नाही. आत ज्वाळा दिसत होत्या आणि तिनं तशात गोळा आत घातला. त्या जाळात पावाचा कोळसा होतो, हे पोरसोरही सांगेल. फावडं तिनं खांद्याच्या जोरानं ढकललं, गोळा तिरका पडला. मग तिनं कपाळ पुसलं. कपाळावर घाम नव्हता. झाकण तिनं हातानं लावलं.

सभागृहात कुणी तरी हळूच "वा" म्हणालं. बाई सुंदर होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी पडद्यावर मोठं दिसत होतं.

हंबीररावांनी पुढचा सिनेमा बघितला नाही. ते पडद्याकडे तोंड करून बसले होते, एवढंच.

दिवे लागले. धैर्यशील सर माइकपाशी आले, चार शब्द बोलले, कुणाला काही विचारायचंय का म्हणाले. दोघांनी काही विचारलं. मग हंबीररावांनी हात वर केला. स्नेहलला नवल वाटलं.

"ती भट्टीवरची," हंबीरराव म्हणाले. "ती गावातली न्हवं."

सरांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर! कसं ओळखलंत? तेवढी एकच नटी आहे, रोमहून आणलेली." त्यांनी हातातली पुस्तिका चाळली. "दिग्दर्शकानं लिहिलंय इथं. थांबा... हां. 'गावची भट्टी सांभाळणारी असुंता नावाची बाई चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात तोफगोळ्यानं गेली. सगळं गाव खाली उतरलं, ती एकटी भट्टीपाशी थांबली. का थांबली, हे गावात कुणालाच सांगता आलं नाही. तिचं काम करायला गावातली एकही बाई तयार होईना.'" सरांनी पुस्तिका मिटली. "तर अशी ही माणसं."

असुंता. चौपन्न वर्षांनी नाव कळलं.

मग सत्कार. कुणी तरी हंबीररावांना दंडाला धरून वर नेलं. माइक त्यांच्या तोंडापुढं आला, किंचाळला, पुन्हा नीट झाला. शंभर तोंडं त्यांच्याकडे बघत होती. तरी ते बोलले.

"त्या टेकडीवर मी हुतो. सकाळी गावात धूर निघाला. तो पयला मी बघितला. मी सांगितलं, आन् तोफा सुटल्या."

पुढचं वाक्य तोंडात होतं. ते बाहेर यायच्या आत मागच्या रांगेतून आवाज आला, "वा आजोबा! कोल्हापूरचा वाघ!" आणि टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या झाल्या. कुणी तरी जयजयकार केला. लोक उभे राहिले.

फक्त धैर्यशील सर शाल हातात घेऊन तसेच थांबले होते. त्यांनी हंबीररावांकडे बघितलं, हातातल्या पुस्तिकेकडे बघितलं. त्यांना समजलं होतं. पण टाळ्या थांबत नव्हत्या आणि सगळे शालीची वाट बघत होते. सरांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली. हंबीररावांना ती ओल्या घोंगड्यासारखी जड लागली. चौपन्न वर्षं त्यांना भीती होती की लोकांना कळेल. लोक टाळ्या वाजवतील, ही भीती त्यांना कधी वाटली नव्हती.

रिक्षात स्नेहलनं त्यांचा हात धरला. "आबा, तो धूर..."

"घरी सांगतो," ते म्हणाले.

घरी धोंडुबाई भाकरी करत होत्या. शाल बघून म्हणाल्या, "बघू बघू. लोकरीची हाय का नुसती दिखाव्याची?" मग नवऱ्याचं तोंड बघितलं आणि गॅस बारीक केला. "काय झालं?"

हंबीरराव भिंतीला टेकून खाली बसले. शाल घडी करून लांब ठेवली. मग सांगितलं. डोणी, भट्टी, धूर, फोन. स्नेहल दारात उभी होती. पन्नास वर्षांच्या स्टोव्हचा, गॅसचा, न आणलेल्या बंबाचा हिशेब धोंडुबाईंच्या तोंडावर लागत गेला.

"समदं गाव गेल्यावर ती कशापायी थांबली?" शेवटी त्यांनी विचारलं. "कुणाची भाकरी भाजत हुती?"

हंबीररावांनी स्नेहलकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"आमची. आटा मी दिलता. उद्या सकाळी न्हेतो म्हनून बोललो हुतो. आन् धूर कशाचा त्ये मला कळलं हुतं, साहेब फोनवर असतानाच. सांगितलं न्हाय मी. भ्यालो."

तव्यावरची भाकरी फुगली होती. धोंडुबाईंनी ती काढली नाही. ती एका कडेनं काळी पडायला लागली, तेव्हा स्नेहलनं पुढं होऊन गॅस बंद केला. खिडकीच्या फटीतून गुऱ्हाळाचा वास आत येत होता.

मग धोंडुबाई उठल्या. ताट घेतलं. त्यात ती एका बाजूनं करपलेली भाकरी ठेवली, चटणी वाढली, आणि ताट नवऱ्यापुढं सरकवलं.

"मला जात न्हाय," हंबीरराव म्हणाले.

"तिनं केलेलं ऱ्हायलं तिथंच," धोंडुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक होता, त्यात माया नव्हती. "ह्ये तरी खावा."

हंबीररावांनी भाकरीची काळी कड मोडली. धोंडुबाई समोर बसून राहिल्या, ताट रिकामं होईपर्यंत.